शिष्यवृत्तीचा दिवस

पेशवाईत पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे एक विस्तीर्ण आवार होते. श्रावण महिना आला की दूरदूरचे ब्राह्मण तेथे दक्षिणेसाठी जमत. सर्वांना आवारात घेतले जाई, आणि मग एकेकाला बाहेर सोडताना दारातच त्याच्या हातावर दक्षिणा ठेवली जाई. युक्ती साधी होती. बाहेर पडलेल्यास पुन्हा आत शिरता येत नसे, म्हणून एकाच माणसाला दोनदा हात पुढे करता येत नसे. ही दक्षिणा एकाच वर्णापुरती होती, आणि विद्येचा सन्मान करण्याच्या त्या व्यवस्थेत विद्येची दारे बहुजनांस बंदच होती, हे विसरता येत नाही. परंतु मोठ्या समुदायास द्रव्य वाटावयाचे झाले म्हणजे देणाऱ्यापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते रमण्याच्या दारात स्पष्ट दिसतात. पैसा योग्य माणसासच मिळतो ना? पुरा मिळतो ना? एकदाच मिळतो ना?

आज देशभर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जी शासकीय शिष्यवृत्ती दिली जाते, तिची बहुतेक यंत्रणा याच तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात गुंतलेली असते. चौथा एक प्रश्न मात्र मागे राहतो. तो पैसा वेळेवर मिळतो का? घेणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्या तिन्ही प्रश्नांचे मोल या चौथ्यावरच अवलंबून आहे.

वेळेचे हे महत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात ठळकपणे दिसते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत. त्या आधारावर त्यांनी न्यूयॉर्कमधील अभ्यास पुरा केला आणि पुढे लंडन गाठले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी तीच होती, चिकाटी तीच होती. थांबला तो केवळ पैशाचा ओघ. पुन्हा लंडनला जाण्यास १९२० साल उजाडले, आणि त्यासाठी स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांची जुळवाजुळव करावी लागली.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ साली प्रवेश केल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी मध्यवर्ती सरकारने पैसा द्यावा, अशी मागणी लेखी मांडली. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरांच्या, सफाई कामगारांच्या, गिरणी कामगारांच्या मुलांनी तिच्या बळावर पदव्या घेतल्या आहेत. महाराष्ट्रातील कित्येक घरांत पहिला पदवीधर झाला तो या शिष्यवृत्तीमुळेच.

हा पैसा विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्याची जुनी रीत महाविद्यालयाच्या कचेरीतून जाणारी होती. विद्यार्थ्याने छापील अर्ज भरावयाचा. त्याला जातीचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि मागील परीक्षेची गुणपत्रिका जोडावयाची. कारकुनाने अर्जांचा गठ्ठा बांधून समाजकल्याण कार्यालयात धाडावयाचा. तेथे मंजुरी झाली की कोषागारातून रक्कम निघे आणि प्राचार्यांकडे येई. मग एके दिवशी सूचनाफलकावर नावांची यादी लागे, आणि विद्यार्थी रांगेत उभे राहून नोंदवहीत सही करून आपला भत्ता घेत. या रीतीत एक गुण होता. पैसा कोठे अडला हे विचारावयास समोर एक खिडकी होती आणि खिडकीआड एक माणूस होता. दोषही तेथेच होता. तो माणूस कनवाळू असेल तर विद्यार्थ्याचे भाग्य. तो तुसडा किंवा लोभी असेल तर खेटे घालणे नशिबी येई. शिवाय वर्गात कधी न दिसलेल्या विद्यार्थ्यांच्या नावे रक्कम उचलली जाण्याचा धोका होताच. शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचून दाखविली जाई तेव्हा मान खाली घालून बसणाऱ्या मुलांच्या मनास काय वाटत असेल, याचा हिशेब तर कोणत्याच वहीत होत नसे.

या मधल्या हातांना दूर सारण्यासाठी १ जानेवारी २०१३ पासून निवडक जिल्ह्यांत थेट लाभ हस्तांतरणाची पद्धत सुरू झाली. सरकारी मदत मधल्या कोणाच्या हाती न जाता लाभार्थ्याच्या बँक खात्यात जावी, हे तिचे सूत्र. आरंभीच्या योजनांत शिष्यवृत्त्याही होत्या. रमण्याच्या दाराची जागा आता आधार क्रमांकाने घेतली. एक माणूस, एक क्रमांक, एकच देणे. महाराष्ट्रात यासाठी महाडीबीटी हे संकेतस्थळ उभे राहिले.

त्यानंतरचा मोठा बदल २०२१ चा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची पुनर्रचना मंजूर केली आणि पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद ठरविली. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. आधीच्या सूत्राप्रमाणे राज्यांवरचा भार वाढत गेला होता आणि केंद्राचा वाटा आटत चालला होता; त्याला या निर्णयाने आळा बसला. राज्याने आपला वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात भरला म्हणजे केंद्र आपला वाटा त्याच खात्यात भरते. भत्त्याबरोबर शुल्काची रक्कमही आता विद्यार्थ्याच्याच हाती येते, आणि त्याने ती महाविद्यालयात नेऊन भरावयाची असते.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. प्रत्यक्षात ती कशी चालते, हे कळण्यासाठी नांदेड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून पुण्यास अभियांत्रिकी शिकावयास आलेल्या मुलीची कल्पना करावी. घरचे उत्पन्न नियमातील अडीच लाखांच्या मर्यादेच्या आत आहे. तिने अर्ज भरला आहे. परंतु गुणपत्रिकेवर तिचे आडनाव आधी आहे आणि आधारपत्रावर शेवटी. एका ठिकाणी वडिलांच्या नावात ऱ्हस्व, दुसऱ्या ठिकाणी दीर्घ. माणसाच्या नजरेला हा फरक फरकच वाटत नाही. यंत्राला त्या दोन निराळ्या मुली वाटतात. ते निस्तरले तर खात्याची अडचण येते. आधार क्रमांक ज्या खात्याशी शेवटी जोडला गेला असेल, त्यातच रक्कम जाते. ते खाते कदाचित शाळेत असताना गावी उघडलेले असते, आणि दोन वर्षांत त्यात व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेले असते.    संकेतस्थळावर अशा वेळी एखादा त्रोटक शेरा दिसतो. त्याचा अर्थ सांगणारी खिडकी आता नसते.

जी मुले आपले राज्य सोडून शिकावयास जातात त्यांची वाट आणखी लांबते. या योजनेचा नियम असा की, विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी आहे त्या राज्यानेच शिष्यवृत्ती द्यावयाची, मग तो शिको कोठेही. इंदुरात वाढलेला मराठी विद्यार्थी पुण्यास शिकत असेल, तर त्याचे महाविद्यालय महाराष्ट्रात आणि त्याचा पैसा मध्य प्रदेशाकडून. दोन राज्यांच्या कचेऱ्यांमधील अंतर त्याच्या एकट्याच्या पायांनी कापावे लागते.

आणि या साऱ्या काळात महाविद्यालयाचे वर्ष कोणासाठी थांबत नाही. खाणावळीचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात, खोलीचे भाडे चुकत नाही, परीक्षेच्या शुल्काला शेवटची तारीख असते. पैसा अडला म्हणजे प्रथम ओळखीच्यांकडून उसने घेतले जातात, मग आईच्या अंगावरचा एखादा दागिना गहाण पडतो, मग गावातला सावकार आठवतो. पुढे कधीतरी, कदाचित परीक्षा संपल्यावर, रक्कम खात्यात जमा होते. पण ती आता शिष्यवृत्ती राहिलेली नसते. ती व्याजासह फेडावयाच्या कर्जाचा हप्ता झालेली असते. मराठीत वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी महाराष्ट्रासह पाच राज्यांतील या योजनेची तपासणी करून २०१८ साली जो अहवाल दिला, त्यातही विलंबावर बोट ठेवलेले आहे.

रकमेचे प्रमाणही ध्यानात घ्यावयास हवे. २०२१ च्या नियमांप्रमाणे वसतिगृहात राहून व्यावसायिक पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षाला १३,५०० रुपये भत्ता आहे. दिवसाला हे सदतीस रुपये होतात. इतक्या तुटपुंज्या रकमेचा सारा अर्थ ती ज्या दिवशी हवी त्या दिवशी मिळण्यात असतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी महाराष्ट्राने २०१६-१७ पासून स्वाधार योजना आखली आणि पुण्या-मुंबईसारख्या शहरांकरिता वर्षाला ६०,००० रुपये ठरविले. ही आखणी अधिक उदार आहे. परंतु घरमालक भाडे महिन्याने मागतो, हे तिलाही लागू आहे.

शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या हाती द्यावी की नाही, याबद्दल महाविद्यालयांच्या कचेऱ्यांत कुरकुर ऐकू येते. घरात आजारपण असते, पेरणीचे दिवस असतात. खात्यात आलेले पन्नास हजार तिकडे वळले तर? शंका अगदीच निराधार नाही. तरीही तिचे उत्तर पैसा पुन्हा मधल्या हातांकडे सोपविणे हे नव्हे. अठरा-वीस वर्षांची मुलगी आपल्या हाताने शुल्क भरते आणि पावती घेते तेव्हा ती कोणाची आश्रित राहत नाही. ती त्या महाविद्यालयाची हक्काची विद्यार्थिनी असते. रक्कम उशिरा आली आणि घरचे कर्ज दाराशी उभे असले, तरच तो पैसा वाट चुकतो. म्हणजे येथेही मूळ रोग अविश्वासाचा नसून विलंबाचाच आहे.

उपाय अवघड नाहीत. पात्र विद्यार्थ्यास आगाऊ शुल्क न घेता प्रवेश द्यावा, यासाठी नियमांत फ्रीशिप कार्डाची सोय आहे. ती दर महाविद्यालयाच्या दारात पाळली जावी. निर्वाहाचा भत्ता शुल्कापासून वेगळा काढून सत्राच्या आरंभीच द्यावा, कारण शुल्कासाठी संस्था थांबू शकते, भूक थांबू शकत नाही. अर्ज अडला तर का अडला व काय केले असता सुटेल, हे विद्यार्थ्याच्या भाषेत त्याला कळावे. महाविद्यालयात एक तरी माणूस असा असावा की ज्याचे कामच मुळी अडलेले अर्ज सोडविणे हे असेल. जुन्या खिडकीतला लोभ गेला हे उत्तम झाले. तिच्यातला माणूस मात्र जावयास नको होता.

आणि सर्वांत महत्त्वाचे, शिष्यवृत्तीला एक ठरलेली तारीख हवी. सरकारी नोकरांच्या पगाराला ती असते, निवृत्तिवेतनाला असते, कराच्या भरण्याला तर असतेच असते. रमण्याच्या आवारात जमणाऱ्यास किती मिळेल याची खात्री नसेल. केव्हा मिळेल याची होती. श्रावण आला की दक्षिणा आली. त्या जुन्या व्यवस्थेतले बरेच काही टाकून देण्याजोगे होते आणि काळाने ते टाकूनही दिले. परंतु ठरलेल्या दिवशी हातावर पैसा ठेवण्याचा तिचा नेम आज वर्गात शिकत असलेल्या प्रत्येक गरीब मुलामुलीच्या वाट्याला यावयास हवा.