विचारस्वातंत्र्य आणि बोटाची घाई



विचारस्वातंत्र्याच्या मर्यादा हा विषय काहींना पुस्तकी वाटेल. परंतु आपल्या अमरावती-अकोल्याला तो पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातील घटनांवरून अमरावतीत आधी मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद झाला. मोडतोड झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट थांबले. १३ मे २०२३ रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दगडफेक झाली, वाहने जळाली आणि एक माणूस जिवास मुकला.

राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकास भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही त्याच कलमात आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रूनुकसानी, गुन्ह्यास चिथावणी ही त्यांतील काही कारणे. 'कोणाला राग आला' हे कारण त्या यादीत नाही, हे मुद्दाम ध्यानात ठेवा.

२०१२ साली बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. हा बंद कशासाठी, अशा आशयाचे पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते 'लाईक' केले, एवढेच. दोघींना अटक झाली. त्या वेळी मुलींवर अन्याय झाला असेच आपण सारे म्हणालो. पुढे श्रेया सिंघल ह्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ रद्द झाले. चर्चा व मतप्रचार कितीही बोचला तरी त्यास संरक्षण आहे. चिथावणीपाशी कायदा हात घालू शकतो, असे न्यायालयाने सांगितले.

आता अवघड भाग. पालघरच्या मुलींना लागू झालेला नियम आपल्याला झोंबणाऱ्या मजकुरालाही लागू होतो. २१ जून २०२२ रोजी अमरावतीत एका औषध विक्रेत्याचा खून झाला. पैगंबरसाहेबांविषयी अनुचित बोलणाऱ्या प्रवक्त्या बाईंच्या समर्थनार्थ त्यांनी व्हॉट्सॲपवर मजकूर पाठविला, म्हणून त्यांना कट करून मारले, असा आरोप राष्ट्रीय तपास यंत्रणेने ठेवला. दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम. परंतु ह्या कृत्याचे समर्थन 'दिल दुखा था' म्हणून कोणी करीत असेल, तर त्याला मी विचारीन: ताइफच्या लोकांनी दगड मारून रक्तबंबाळ केले तेव्हा हुजूरांनी बददुआसुद्धा दिली नाही, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो ते कशासाठी?

मन दुखावणारा मजकूर आला तर गप्प बसा, असे मी म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावण्याविरुद्ध तिचे कलम २९९ आहे, समाजासमाजांत वैर पसरविण्याविरुद्ध कलम १९६ आहे. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, दोन जाणत्या माणसांना बरोबर घ्या आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच मागा. मात्र तोच मजकूर 'पहा, काय लिहिले आहे' म्हणून दहा गटांत टाकू नका. निषेधासाठी पाठविला तरी तो पसरलाच!

गटाच्या ॲडमिनविषयी पालक नेहमी विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे, की समान हेतू वा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणास दोषी धरता येत नाही. मजकूर टाकणारा मात्र त्यातून सुटत नाही. आणि मुलाच्या मोबाईलमधले सिम अब्बांच्या नावावर असेल, तर चौकशी आधी अब्बांच्याच दारी येते.