पाडलेलं स्टेडियम आणि त्याची कुलपं

मी डमडममधून बोलते आहे. कोलकात्याच्या आमच्या या भागाचं नाव तुम्ही दोन कारणांनी ऐकलेलं असतं, विमानतळ आणि बंदुकीची गोळी. तिसरं कारण फार कोणी सांगत नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या कितीतरी वसाहती इथे उभ्या राहिल्या. त्या काळी सियालदा स्टेशनच्या फलाटांवर कुटुंबंच्या कुटुंबं मुक्काम करून होती. ते स्टेशन आजही आहे. नातवाला तिथे नेऊन "बघ, इथे" असं म्हणता येतं. आज मी ज्या इमारतीबद्दल बोलणार आहे, तिच्या बाबतीत ही सोय उरलेली नाही. ती इमारत पॅरिसमध्ये होती. १९५९ साली ती पाडली.

तिचं नाव वेलोद्रोम दिवेर, म्हणजे हिवाळ्यातलं सायकल शर्यतींचं स्टेडियम. लोक लाडाने 'वेल दीव' म्हणत. आंरी देग्रांज नावाचे एक संपादक होते. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे तेच. थंडीत शर्यती बंद पडतात, म्हणून त्याच वर्षी त्यांनी आयफेल टॉवरजवळच्या एका प्रचंड प्रदर्शन-दालनात लाकडी ट्रॅक बसवला. पुढे ते दालन पाडायचं ठरलं, तेव्हा १९१० मध्ये ग्रनेल भागात हे नवं, छत असलेलं स्टेडियम उभं राहिलं.

इथली सहा दिवसांची शर्यत तर जत्राच असायची. दोन-दोन सायकलपटूंच्या जोड्या. एक थकला की दुसरा चालवणार, दिवसरात्र, सहा दिवस. मधल्या मोकळ्या जागेत पैसेवाले टेबलं मांडून जेवत, वाद्यवृंद वाजत असे, आणि वरच्या स्वस्त सज्ज्यातून कामगार आरोळ्या ठोकत. आपल्याकडे कुस्तीच्या फडात सावकार आणि हमाल एकाच डावाला "वा!" म्हणतात ना, तसंच. १९२४ च्या ऑलिंपिकमधलं मुष्टियुद्ध, कुस्ती आणि भारोत्तोलनही इथेच झालं.

आता जरा विचार करा. हजारो माणसं मावतील एवढी जागा, वर छत, आत येण्याजाण्याला मोजकी दारं, आणि शहराच्या मधोमध. खेळाच्या संयोजकाला जे सोयीचं, ते पोलिसांनाही सोयीचं.

मे १९४०. जर्मनी फ्रान्सवर चालून आला, आणि फ्रेंच सरकारने पॅरिसमधल्या जर्मन स्त्रियांना 'शत्रू देशाच्या नागरिक' म्हणून इथे जमा केलं. त्यातल्या अनेकजणी हिटलरपासूनच पळून आलेल्या ज्यू होत्या. तत्त्वचिंतक हाना आरेंट त्यांच्यातल्या एक.

दोन वर्षांनी, १६ आणि १७ जुलै १९४२ ला, जर्मनांच्या मागणीवरून पॅरिस आणि आसपास ज्यूंची धरपकड झाली. दारं ठोठावणारे फ्रेंच पोलीस होते. एकूण १३,१५२ माणसं पकडली, त्यात ४,००० हून जास्त मुलं. एकट्यादुकट्यांना थेट द्रांसीच्या छावणीत नेलं. लेकुरवाळी कुटुंबं, सुमारे ८,००० माणसं, वेल दीवमध्ये कोंडली. जुलैचा उन्हाळा. काचेचं छत विमानहल्ल्याच्या भीतीने निळं रंगवलेलं, खिडक्या बंद. पाण्याचा एकच नळ. संडास मोजके, त्यातले निम्मे कुलूपबंद, कारण खिडकीतून कोणी पळेल! असे पाच दिवस. अग्निशामक दलाच्या जवानांनी आपल्या नळ्या उघडून पाणी दिलं, आणि लोकांनी खरडलेल्या चिठ्ठ्या खिशात लपवून बाहेर टपालात टाकल्या. तिथून माणसं छावण्यांत गेली. छावण्यांत आया आणि मुलं वेगळी केली गेली. शेवट बहुतेकांचा आउश्वित्झमध्ये.

मला हादरवतं ते पुढचं. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाल्यावर जर्मनांना साथ दिल्याचा संशय असलेल्यांना इथेच कोंडलं. नंतर पुन्हा शर्यती सुरू, पुन्हा आरोळ्या. ऑगस्ट १९५८ मध्ये पोलिसांनी पकडलेले अल्जेरियन इथेच आणले. म्हणजे दर वेळी कैदी बदलले, पण जागा शोधायला कोणाला डोकं खाजवावं लागलं नाही. पुढच्याच वर्षी इमारत पाडली.

इमारत गेली की पुरावाही पातळ होतो. स्टेडियमच्या आत बसलेल्या लोकांचा एक फोटो कितीतरी वर्षं १९४२ चा म्हणून छापला जायचा. सर्ज क्लार्सफेल्ड या इतिहासकाराने दाखवून दिलं की त्यात १९४४ चे संशयित कैदी आहेत. म्हणजे ज्यांच्या बाजूने ती धरपकड झाली, तेच बळी म्हणून छापले जात होते! १९४२ चा त्या ठिकाणचा एकच फोटो ठाऊक आहे, आणि त्यात दिसतात बाहेर उभ्या असलेल्या रिकाम्या बस.

फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी, जाक शिराक यांनी, या कामात फ्रेंच राज्ययंत्रणेचा हात होता हे उघड मान्य केलं १९९५ मध्ये. त्रेपन्न वर्षांनी. तोवर "ते जर्मनांनी केलं" यावर भागत होतं.

मूळ जागेवर आता घरं आहेत. गृहखात्याच्या गुप्तहेर विभागाची कचेरीही अनेक वर्षं तिथे होती. मोठं स्मारक १९९४ साली उभारलं, तेही थोडं दूर, नदीकाठी. मूळ जागेपाशी, नेलातों रस्त्यावर, २०१७ मध्ये एक लहानशी बाग झाली. तिथल्या भिंतीवर मुलांची नावं आहेत, चार हजारांहून जास्त. पॅरिसला गेलात तर आयफेल टॉवरपासून चालत जाता येतं.