फेडर सातवर ठेवा



अध्यक्षपदाच्या मानाबद्दल संयोजकांचे आभार. सोलापुरात सत्कार करताना चादर सोडून शाल दिली, एवढी एक तक्रार नोंदवून औपचारिक भाग इथं संपतो.

अध्यक्षानं वर्षभरातल्या मराठी चित्रपटांचा आढावा घ्यायचा असतो. आढाव्याची टिपणं खिशात तयार आहेत. पण आजचा अध्यक्ष मूळचा टॉकीजमधला ऑपरेटर. त्याची उमेदीची वर्षं केबिनमध्ये रिळं चढवण्यात गेली आणि तिथून तो लेखनाकडे वळला. एक गोष्ट त्याच्या मनात तेव्हापासून साठली आहे. ती आधी सांगतो आणि वेळ उरला तर आढावा घेतो.

मराठी समीक्षक चित्रपट वाचतात, फार तर पाहतात. ऐकत मात्र नाहीत.

‘फँड्री’चंच बघा. २०१४ साली तो प्रदर्शित झाल्यापासून त्यातल्या शाळेच्या भिंतीवर किती लिहून झालं! काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावरून चाललंय आणि मागे भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. चौकट थोर आहे, वाद नाही. पण त्याच नागराज मंजुळे यांनी त्याच चित्रपटात राष्ट्रगीताचा प्रसंग केला आहे, आणि तो उभा आहे निव्वळ आवाजावर. डुकराला घेरलेलं असतं. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि नायक जब्याचं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निसटतं. शाळा इथं नुसत्या आवाजातून येते, आणि तो आवाज या कुटुंबाला हुकूम करतो. ज्या शाळेत जब्याला मान वर करून बसता येत नाही, तिचा सूर मात्र त्याला उभं करतो. हे संवादात लिहायला गेलं असतं तर भाषण झालं असतं. कॅमेऱ्यानं एकट्यानं दाखवायला गेलं असतं तर नकाशा झाला असता.

सकाळच्या परिसंवादात ‘आशय मोठा की तंत्र मोठं’ हा वाद रंगला. दोन्ही बाजूंनी तंत्र म्हणजे कॅमेरा असं धरूनच चाललं होतं. या वादाचा निकाल केबिनमध्ये फार पूर्वी लागलेला आहे. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते आणि ती चित्राच्या वीसेक चौकटी पुढे छापलेली असते, कारण प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी आणि आवाज वाचणारी जागा वेगवेगळी. रीळ तुटलं की ऑपरेटर खराब तुकडा कापून जोड देतो. चित्र एका प्रसंगातलं जातं आणि आवाज जातो पुढच्या क्षणाचा. एका टॉकीजच्या मॅनेजरला शेवटचा खेळ लवकर उरकायची घाई असायची. ‘चालण्याफिरण्याचं’ काप, असं तो सांगायचा. कापलं की एखादी नायिका ओठ हलवायची आणि बोलायची नाही. प्रेक्षक ओरडायचे ते चित्र गेलं म्हणून कधीच नाही. ओरडायचे आवाज गेला म्हणून. तंत्राची खरी समज पिटातल्या त्या प्रेक्षकाला होती, आणि परिसंवादाला त्याला कुणी बोलावलं नाही.

आता जुना दाखला. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३७ मध्ये, व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ केला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हातारा वकील नवरा, त्याच्याशी फसवून लग्न लावलेली तरुण मुलगी आणि तिचा नकार. मराठी पडद्याला आवाज फुटून जेमतेम पाच वर्षं झालेली. वाद्यवृंदाची हौस फिटायची होती. अशा वेळी प्रभात कंपनीच्या या माणसानं पार्श्वसंगीत काढूनच टाकलं. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे ठेवले. शांता आपटे यांची नीरा इंग्रजी गाणं म्हणते, तेही ग्रामोफोनच्या तबकडीबरोबर. तिच्या दुःखावर सारंगी वाजवून कुणी प्रेक्षकाला रडायची सूचना देत नाही. त्या घरात तिच्या बाजूनं कुणी नाही हे सांगायचं होतं, आणि म्हणून संगीतालाही तिच्या बाजूला उभं केलं नाही. चित्रपटाच्या इतिहासात या निर्णयाची नोंद ‘वास्तववादी प्रयोग’ अशी दोन शब्दांत होते. दोन शब्द!

प्रभातच्या पुण्यातल्या त्याच आवारात पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आली. साठच्या दशकात ऋत्विक घटक तिथं शिकवायला होते. ‘मेघे ढाका तारा’मध्ये नायिका नीतावर चाबकाचा आवाज टाकणारे हेच. पडद्यावर चाबूक कुठंच नाही. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’त दुर्गाच्या आईचा आक्रोश काढून त्या जागी तारशहनाई घातली. बंगाली समीक्षेत या दोन आवाजांवर पानंच्या पानं लिहिली गेली. आपण अजून ‘संगीत श्रवणीय आहे’ यावर थांबलो आहोत.

आणि ‘सैराट’. जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा जरा सैल बोलायची मुभा असावी. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. २९ एप्रिल २०१६ रोजी चित्रपट आला तेव्हापासून विद्वानांचं एक म्हणणं ठरलेलं आहे: पूर्वार्ध धंदेवाईक, उत्तरार्ध वास्तववादी, दोन चित्रपट जोडले आहेत. आज दुपारीही ते ऐकायला मिळालं.

कान उघडे ठेवले असते तर जोड दिसली नसती. पूर्वार्धाला अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केलेला पाश्चात्त्य वाद्यमेळ आहे. विहिरीत उडी मारणाऱ्या पोरासाठी एवढी व्हायोलिनं! ही चैन मुद्दाम केलेली आहे. परश्या आणि आर्चीच्या डोक्यात जग जसं वाजतंय तसं ते आपल्याला ऐकवलं जातं. दोघं पळून हैदराबादेत पोचल्यावर ती व्हायोलिनं विरळ होतात. राहतो तो वस्तीचा कलकलाट आणि त्यांना न कळणारी तेलुगू. (सोलापुरात पूर्वभागातल्या निम्म्या प्रेक्षकांना ती नीट कळत होती, त्यामुळे इथला ‘सैराट’ पुण्यातल्या ‘सैराट’पेक्षा थोडा वेगळा होता. यावर कुणी प्रबंध लिहील तर बरं.) शेवटी लेकरू दारातून आत येतं, रडतं, रक्ताची पावलं उमटवत बाहेर पडतं, आणि तेव्हा आवाजच नसतो. पूर्वार्धात प्रेक्षकाच्या पदरात जे भरभरून घातलं, ते सगळं इथं काढून घेतलं आहे. आधी दिलं नसतं तर काढून काय घेणार होते?

त्या दिवसांत हा अध्यक्ष एका जुन्या सहकाऱ्याच्या केबिनमध्ये बसला होता. आवाज गेला तशी खालून दोघं-तिघं केबिनकडे वळून ओरडले. नव्या पोरानं घाबरून आवाजाच्या फेडरला हात घातला. त्याचा हात धरावा लागला. खेळ सुटल्यावर यंत्रमागावर आयुष्य काढलेला एक पद्मशाली गृहस्थ जिन्यात भेटला. म्हणाला, ‘माग चालू असतो तोवर आवाज ऐकू येत नाही हो. बंद पडला की कळतं, काहीतरी तुटलं.’ ‘सैराट’वरची याहून नेमकी समीक्षा छापील मराठीत अध्यक्षांच्या वाचनात नाही.

२०१८ मध्ये ‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ आला. कथा तीच, संगीतकार तेच, गाव उदयपूर. विषय मात्र वाटेत कुठंतरी उतरून गेला. आशय कथेत असतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’बद्दलही ‘कॅमेरा स्थिर आहे’ एवढंच सगळे सांगतात. त्या स्थिर चौकटीत न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगत जातो. आरोपीचं अख्खं म्हणणं त्याच्या तोंडून सपाट होऊन कागदावर उतरतं. हे ऐकल्याशिवाय त्या चित्रपटातला न्याय कळत नाही.

करण्यासारखं पुष्कळ आहे. श्रवणाच्या बैठका घेता येतील, पडद्याकडे पाठ करून. जुन्या ऑपरेटरांच्या आठवणी कुणीतरी लिहून घ्यायला हव्यात. माणसं थकत चालली आहेत. अभ्यासक्रमाचंही काहीतरी बघावं लागेल. समिती नेमू म्हणतात, नेमावी.

आढावा राहिला. टिपणं चिटणीसांकडे देतो, स्मरणिकेत छापा.

उद्या सकाळी ‘कुंकू’चा खेळ आहे. थिएटरमध्ये आवाजाचा फेडर सातवर ठेवायचा असतो. अनेक ठिकाणी तो चारवर असतो, कारण कुणीतरी कधीतरी तक्रार केलेली असते. उद्या तो खाली आणू नये. ‘कुंकू’ जुना आहे, खरखरेल, खरखरू द्या. आणि शेवटची पाटी जाईपर्यंत सभागृहातले दिवे लावू नयेत. ध्वनिमुद्रकाचं नाव कुठल्या पाटीवर येतं, ते बघून ठेवा. परवाच्या समारोपात हा अध्यक्ष ते विचारणार आहे.