कवड्यांचे दान आणि मुलांचे गणित
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान सर्वांच्या परिचयाचे आहे. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक हे नाव धारण करून राजा ऋतुपर्णाचे सारथ्य पत्करतो. विदर्भाकडे रथ धावत असता वाटेत बेहड्याचा वृक्ष लागतो. ऋतुपर्ण त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. बाहुकाला ते खरे वाटत नाही. तो रथ थांबवून मोजून पाहतो आणि संख्या बरोबर निघते. मग ऋतुपर्ण त्याला ‘अक्षहृदय’, म्हणजे फाशांचे मर्म, देतो. आणि ती विद्या प्राप्त होताच नळाच्या देहात ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडतो. फाशांचे ज्ञान आणि मोजण्याचे ज्ञान कथाकाराने एकाच पुरुषाच्या ठायी दाखवले आहे. प्राथमिक शाळेतील मुलांना संभाव्यतेची ओळख करून द्यावी काय, या प्रश्नाचे उत्तर या कथेत आहे.

‘संभाव्यता’ हा शब्द जड आहे. वस्तू मात्र जड नाही. मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हाच ‘नक्की’, ‘बहुतेक’, ‘कदाचित’, ‘क्वचित’ हे शब्द त्याच्या कानावर आणि जिभेवर रुळलेले असतात. या शब्दांत एक उतरंड आहे, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून पहिल्या पाठाला आकडा नको. वर्गात एक दोरी बांधावी. एका टोकाला ‘अशक्य’ आणि दुसऱ्या टोकाला ‘निश्चित’ अशी चिठ्ठी लावावी. ‘सोमवारच्या दुसऱ्या दिवशी बुधवार येईल’, ‘नाणे उडवले तर छापा पडेल’, ‘जुलै महिन्यात एकदा तरी पाऊस पडेल’, अशी विधाने मुलांनी योग्य जागी टांगावीत. पावसाची चिठ्ठी कोठे लावावी यावरून मुलांत वाद होईल. तो वाद हाच पाठ होय.

दुसरा पाठ घरातल्या पटावर मिळतो. चार कवड्यांच्या डावात दोन उताण्या पडल्या तर दोन घरे चालायची, तीन पडल्या तर तीन. चारही उताण्या पडल्या तर चार, आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. शिवाय या दोन दानांना पुन्हा कवड्या टाकण्याचा मान. असे का? कवड्यांच्या जागी चार नाणी घेऊन मुलांना सर्व प्रकार मांडू द्यावेत. ते १६ होतात. त्यांत दोन छापे ६ प्रकारांनी पडतात. एक छापा ४ आणि तीन छापे ४ प्रकारांनी. चारही छापे एकाच प्रकाराने आणि चारही काटे एकाच प्रकाराने. ज्या आज्यांनी हा पट नातवंडांना शिकवला त्यांनी हे कोष्टक मांडले नव्हते. परंतु दुर्मिळ दानाला मोल अधिक, हे त्यांच्या डावाला ठाऊक होते. कवडीच्या दोन बाजू मात्र नाण्यासारख्या सारख्या नसतात. तिच्याविषयी बसल्या जागी तर्क चालत नाही. शंभर वेळा टाकून वहीत नोंद करावी लागते. प्रकार मांडून मोजणे आणि प्रत्यक्ष करून मोजणे, या शास्त्राच्या दोन्ही वाटा मुलाला एकाच खेळात भेटतात.

तिसरा पाठ सर्वांत महत्त्वाचा. पिशवीत तीन तांबडे आणि एक पांढरा मणी ठेवावा आणि न पाहता काढण्यापूर्वी विचारावे, कोणता निघेल? मूल म्हणते, ‘तांबडा.’ निघतो पांढरा. मूल हिरमुसते. त्या क्षणी शिक्षकाने सांगावे, ‘तुझे उत्तर चुकले नाही, पुन्हा विचारले तरी हेच दे.’ फळ हाती आले नाही म्हणून विचार चुकीचा ठरत नाही, हे ज्याला आठव्या वर्षी उमगले तो पुढे अनेक दुःखांपासून वाचेल.

झाँ प्याजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, योगायोगाची पक्की समज मुलांत हळूहळू, पौगंडावस्थेच्या सुमारास येते, असे प्रतिपादन केले. मग घाई कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. महाराष्ट्राच्या २०१८ च्या पाठ्यपुस्तकांत संभाव्यतेचे प्रकरण दहावीला होते. अपूर्णांकातील उत्तर तोवर थांबू शकते. अनुभवाने मात्र थांबू नये. केवळ तर्कावर विसंबले की मोठेही चकतात. पास्कल आणि फर्मा यांच्या १६५४ च्या पत्रव्यवहाराने या शास्त्राचा पाया घातला. त्याला शंभर वर्षे झाल्यावर, १७५४ साली, दालाँबेर या थोर फ्रेंच गणितज्ञाने लिहिले की, नाणे दोनदा उडवल्यास निदान एकदा छापा येण्याची शक्यता तिनांत दोन आहे. वास्तविक ती चारांत तीन. वर्गातील मुलांनी मिळून दोनशे वेळा नाण्यांची जोडी उडवली, तर १३३ च्या नव्हे, १५० च्या आसपास उत्तर येताना त्यांना दिसेल.

हा केवळ खेळ नव्हे. आपल्या भाषेत ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली’ ही शहाणी म्हण आहे. आणि त्याच भाषेत ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्दही आहे. सून घरात येते, त्याच महिन्यात सासऱ्याचा धंदा बसतो, आणि फांदी तुटल्याचा आळ कावळ्यावर येतो. ‘तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार’ या भरवशावर एखादी माउली पुन्हा बाळंतपणाला सामोरी जाते. मागच्या दानाची आठवण कवडीला नसते, तशी ती निसर्गालाही नसते. हे ज्या मुलाने आपल्या हाताने कवड्या टाकून पाहिले, ते उद्या घरात आलेल्या मुलीच्या कपाळी असा शब्द लावताना थबकेल. ग्रंथ वाचून जे समजते, ते लहानपणी हाताने केलेले असेल तर अंगी मुरते.

शंभर वर्षे या ग्रंथालयाने मराठी शब्दाची जपणूक केली. त्याच्या बालविभागात गोष्टींच्या पुस्तकांशेजारी एक पट, चार कवड्या आणि एक कोरी वही ठेवली जावी. मुलांनी दाने टाकावीत आणि वहीत लिहावीत. नळाच्या अंगातून कली गेला तो मंत्राने नव्हे. मोजण्याची विद्या जाणणाऱ्याने दिलेल्या ज्ञानाने गेला. तेवढे ज्ञान या गावच्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येवो.