जुन्या काचपात्रांची पारख



गोव्यातील देवालयांत व जुन्या घरांत काचेच्या हंड्या, झुंबरे, फुलदाण्या आढळतात. अशी वस्तू मातीमोलाने विकण्यापूर्वी तिची पारख करणे अगत्याचे आहे.

प्रथम बूड पाहावे. फुंकून घडविलेले पात्र लोखंडी सळईपासून तोडताना बुडाशी खरखरीत व्रण राहतो. उंची पात्रांत तो घासून गुळगुळीत केलेला असतो. यंत्राने साच्यात दाबलेल्या काचेवर बहुधा सांध्याची रेघ दिसते. ही पद्धत अमेरिकेत १८२० नंतरच्या दशकात सुरू झाली. मात्र हाताने काच फुंकण्याची कला आजही चालू असल्याने केवळ व्रणावरून वय ठरवू नये. दीर्घ वापराचे ओरखडे बारीक व वेडेवाकडे असतात. मुद्दाम पाडलेले बहुधा एकाच दिशेचे असतात. देशाचे नावही साक्ष देते. चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्र १९१८ साली स्थापन झाले. ते नाव कोरलेली वस्तू त्यापूर्वीची असू शकत नाही.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीने परदेशी पाठविण्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानी असावे. शंका असल्यास जाणकारांचा सल्ला घ्यावा. तोपर्यंत बूड घासून चकचकीत करू नये. त्यामुळे वयाचा पुरावाच नष्ट होतो.