हळदीचा व्यवसाय आणि दूरचा मदतनीस

आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद पावडर विकणाऱ्या लहान उद्योजकांना त्यामुळे लांबचे बाजार खुणावतात. पण दळण, पाकिटं, कुरिअर, उधारी हे एकट्यानं कसं पेलायचं?

अशा वेळी घरून काम करणारा व्यवस्थापन मदतनीस तासांच्या बोलीवर ठेवता येतो. तो परभणीत असो की पुण्यात, मोबाइलवरचा एकच तक्ता दोघांसमोर असतो: काम कोणतं, कुणाकडे, कधीपर्यंत, अडलंय कुठे. उदाहरणार्थ, ‘लेबल छपाई, बुधवार; पन्नास किलो दळण, गुरुवार; माल रवाना, शुक्रवार.’ लेबल उशिरा येणार हे मंगळवारीच कळलं, तर ग्राहकाला वेळेत सांगता येतं.

उधारीची तारीखही त्या तक्त्यात लिहा. वसुलीला कायद्याचा आधार आहे: लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, आणि नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवणं खरेदीदारावर कायद्यानं बंधनकारक आहे.

मालाची पारख आणि बँकेचा ओटीपी मात्र स्वतःकडेच ठेवा. पहिला महिना एकच काम सोपवा; घडी बसली की पुढचं द्या.