चित्र एक, भाषा अनेक : प्रशिक्षणपटांची उपशीर्षके



खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या मीरा-भाईंदरची घडण ग्रामपंचायतींतून झाली आहे. मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर जगणारी येथील काही गावे एकत्र येऊन १९८५ साली नगरपरिषद स्थापन झाली व २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. उत्तन, पाली, चौक या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत एक मराठी कानी पडते, शाळेच्या पाठ्यपुस्तकात दुसरी. बाजारात गुजराती आणि मारवाडी, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत हिंदी, आणखी पुढे उर्दू व कानडी. अशा गावात कामगारांना, शिक्षकांना किंवा सफाई कर्मचाऱ्यांना एखादा प्रशिक्षणपट दाखवावयाचा झाल्यास तो कोणत्या भाषेत दाखवावा, हा प्रश्न प्रशिक्षकास पहिल्याच दिवशी पडतो.

प्रश्न जुनाच आहे. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने आपले माहितीपट अनेक भारतीय भाषांत काढले. पण फिल्मच्या पट्टीवर आवाजाची रेघ एकच असल्याने प्रत्येक भाषेसाठी वेगळी प्रत काढावी लागे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग झाला. त्यात एका चित्राबरोबर दोन आवाज पाठविण्याची सोय होती आणि त्या काळी तेही अपूर्वच वाटले. १९९६ मध्ये आलेल्या डीव्हीडीने ही मर्यादा एकदम दूर केली. एका तबकडीत चित्र एकच, परंतु आवाजाचे आठ मार्ग आणि उपशीर्षकांचे, म्हणजे ज्यांना सर्वजण सबटायटल म्हणतात त्यांचे, बत्तीस मार्ग ठेवता येतात.

बत्तीस भाषांची गरज अर्थातच कोणास पडत नाही. मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणी मराठी, हिंदी, गुजराती व उर्दू एवढ्यांनी बहुतेक काम भागते. आवाज बदलण्यास निवेदक, ध्वनिमुद्रणगृह व वेळ लागतो. उपशीर्षकांस एक चांगला भाषांतरकार व एक संगणक पुरतो. ज्यास वाचता येत नाही त्यास मात्र त्यांचा उपयोग नाही, आणि सफाई व बांधकामाच्या क्षेत्रांत अशांची संख्या विसरून चालणार नाही. म्हणून हिंदी व मराठी आवाज आणि इतर भाषांची उपशीर्षके, अशी वाटणी व्यवहार्य ठरते.

अडखळत वाचणाऱ्याचे काय, याचे उत्तर शेजारच्या गुजरातेत मिळाले. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये तेथील दूरदर्शन केंद्राच्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दाखविण्यास प्रारंभ झाला व पुढे 'चित्रहार'मध्येही तसे करण्यात आले. कानावर पडणारा शब्द आणि डोळ्यांपुढचा शब्द एकच असला की वाचनाचा सराव नकळत होतो, ही त्यामागील कल्पना. मराठी आवाजाच्या फिल्मला मराठीच उपशीर्षके कशाला, असे विचारणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. शिवाय ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी दृक्‌श्राव्य माध्यमांत उपशीर्षकांची सोय करणे हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने शासनावर सोपविलेले कामच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डीव्हीडीवरील उपशीर्षक हे मजकूर म्हणून साठविलेले नसते. ते चित्र असते. तबकडी तयार करताना अक्षरे रंगवून त्यांची प्रतिमा बनते व प्लेअर ती चालत्या चित्रावर ठेवतो. देवनागरीला ही गोष्ट फारच सोयीची ठरली, कारण प्लेअरमध्ये मराठीचा टंक आहे की नाही, जोडाक्षरे नीट जुळतील की नाही, ही चिंताच उरत नाही. मात्र एका वेळी चारच रंग मिळतात आणि जुन्या दूरचित्रवाणी संचावर आडवी बारीक रेघ थरथरते. देवनागरीची शिरोरेषा ही तशीच आडवी रेघ. म्हणून टंक जाड घ्यावा, कडेला काळी किनार द्यावी आणि दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवावे. नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने तिला एवढा त्रास नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. तिची प्रतिमा जाणकाराने पाहिल्याखेरीज तबकडी पुढे पाठवू नये.

अक्षरांपेक्षा वाक्याची अडचण मोठी आहे. मलवाहिनीत काम करणाऱ्यांसाठीच्या फिल्मचे उदाहरण घेऊ. तेथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड असतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते व वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो. संरक्षक साधनांशिवाय अशी धोकादायक सफाई करविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. इंग्रजी निवेदनात 'करू नका' हा निषेध वाक्याच्या आरंभीच येतो. मराठीत व हिंदीत क्रियापद शेवटी असते. 'वायूची तपासणी झाल्याशिवाय खाली उतरू' एवढा मजकूर एका उपशीर्षकात आणि 'नका' पुढच्यात गेला, तर ते 'नका' पडद्यावर येईपर्यंत चित्रातील माणूस शिडीवर पाय ठेवून मोकळा झालेला असतो. ज्याचे अर्धे लक्ष पडद्यावर आहे तो कर्मचारी काय शिकेल? निषेधाचे वाक्य तोडू नये, आणि चित्र बदलण्यापूर्वी ते पूर्ण वाचून व्हावे. सर्वसाधारणपणे दोन ओळी आणि जास्तीत जास्त सहा सेकंद, हे माप बरे.

शब्दांची निवडही अशीच. 'वायुवीजन करावे' हे परिपत्रकात शोभते. पडद्यावर 'झाकण उघडून आत हवा खेळू द्या' असेच हवे. राजभाषेच्या परिभाषाकोशाचे स्थान मोठे आहे, पण ज्याच्या हाती पहार आहे तो 'चेंबर' म्हणतो आणि तोच शब्द त्याला वाचवील. भाषांतर झाल्यावर ते त्याच कामावरील चार-पाच जणांना आवाज बंद करून दाखवावे व 'यात काय करायला सांगितले?' एवढेच विचारावे. पुष्कळ दुरुस्त्या त्या अर्ध्या तासात निघतात.

सभागृहात आणखी एक पेच उभा राहतो. तबकडीवर भाषा कितीही असल्या तरी पडद्यावर एका वेळी एकच मार्ग चालतो. मिश्र समुदायासाठी वरच्या ओळीत मराठी व खालच्या ओळीत हिंदी असा एक स्वतंत्र मार्गच तयार करून ठेवावा. त्यात वाक्ये आखूड करावी लागतात, हे खरे. भाषा निवडण्याच्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत असावे, हे सांगावयास नको. तरीही ते पुष्कळदा विसरले जाते.

डीव्हीडी प्लेअर आता दुर्मिळ झाले आहेत आणि नव्या संगणकांत तबकडीची खाचही नसते. अनेक कार्यालयांच्या कपाटांतील प्रशिक्षणपट पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलवर उतरविले जात आहेत. त्या वेळी चित्र व एक आवाज तेवढा उतरतो आणि उपशीर्षके मागे राहतात, कारण ती वेगळी निवडावी लागतात. निवडली तरी ती प्रतिमाच असल्याने एक शब्द दुरुस्त करणेही अवघड जाते. ज्या कार्यालयाने मूळ मजकुराची वेळेसह नोंद असलेली फाइल युनिकोडमध्ये जपून ठेवली, त्याचे काम घटकाभरात होते. जुन्या टंकात टाइप केलेला मजकूर असल्यास तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मूळ फिल्मशी ताडून, एकेका भाषेची फाइल वेगळी ठेवावी व तिच्या नावात भाषा आणि तारीख लिहावी. तबकडी हाताशी आहे आणि ती चालविणारे एखादे यंत्र कार्यालयात शिल्लक आहे, तोवरच हे काम उरकून घ्यावयास हवे.